कॅरॅव्हॅन येऊ दे, पण तिची टाकी कुठे रिकामी करायची?

(पोस्ट मोठी आहे. पेण, रोहा, कोलाड, नागोठणे भागातल्या लोकांनी तरी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.)

माझा आतेभाऊ डेट्रॉइटजवळ राहतो. ऑक्टोबरात त्याचा फोन आला. "दादा, नाताळच्या सुट्टीत येतोय, पोरांना घेऊन. यावेळी हॉटेल नको, रिसॉर्ट नको. एक कॅरॅव्हॅन भाड्याने घेऊ, जंगलात तलावाकाठी तीन रात्री राहू. तू रोह्यातच आहेस, जागा तेवढी बघून ठेव."

मी लगेच हो म्हणालो. म्हटलं, आपल्याकडे काय कमी आहे? पेणला हेटवण्याचं धरण, कोलाडला कुंडलिका, सुतारवाडीचा तलाव, पलीकडे फणसाडचं जंगल. जागा शोधायला एक रविवार पुरे.

एक रविवार नाही, पाच रविवार गेले. जागा मिळाली नाही. म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या जागा खूप मिळाल्या. पण जिथे एक मोठी गाडी रात्रभर उभी करावी, चार माणसांनी राहावं, आणि निघताना कोणाचं काही बिघडवलेलं नसावं, अशी एकही मिळाली नाही. का नाही मिळाली, हे सांगण्यासाठी ही पोस्ट.

आधी तो तिकडे काय करतो ते सांगतो. मिशिगनमध्ये हॅमलिन नावाचा तलाव आहे, त्याला लागून लुडिंग्टन स्टेट पार्क. एका बाजूला हा तलाव, दुसऱ्या बाजूला समुद्रासारखा पसरलेला लेक मिशिगन, मध्ये झाडी. उन्हाळ्यात तिथे जायचं तर बुकिंग सहा महिने आधी उघडतं आणि चांगल्या जागा बघता बघता जातात. बुकिंग म्हणजे नुसता गेट पास नाही. तुम्हाला प्लॉटचा नंबर मिळतो. त्या नंबरावर तुमची गाडी, तिथेच विजेचा बोर्ड, तिथेच आगीसाठी लोखंडी कडं. रात्री दहानंतर आवाज बंद. सरपण घरून आणू नका, जवळपास विकत घ्या, असंही सांगतात. कारण लाकडातून किडे पसरतात. २००२ साली डेट्रॉइटच्या आसपास एक परदेशी हिरवा भुंगा सापडला, त्याने पुढे अमेरिकेतली ॲशची कोट्यवधी झाडं मारली. आणि तो भुंगा दूरदूर पोचला त्यात कॅम्पिंगला नेलेल्या सरपणाचा मोठा हात होता.

आणखी एक गोष्ट असते, जी फोटोत कधी दिसत नाही. डंप स्टेशन. कॅरॅव्हॅनमध्ये संडास असतो, बेसिन असतं, शॉवर असतो. ते सगळं गाडीखालच्या टाक्यांमध्ये जमा होतं. संडासाची टाकी वेगळी, सांडपाण्याची वेगळी. निघताना गाडी त्या ठिकाणी न्यायची, जाड पाइप लावायचा, टाकी रिकामी करायची, पाइप धुवायचा. आतेभाऊ म्हणतो, सगळ्या ट्रिपमधलं हे सगळ्यात घाणेरडं काम, आणि पोरं त्याच वेळी नेमकी गायब होतात.

आता माझे रविवार ऐका.

पहिल्या रविवारी गाडीची चौकशी केली. मुंबईच्या एका भाड्याने देणाऱ्याला फोन लावला. बस-ट्रकच्या चासीवर बांधलेली गाडी, चार बेड, छोटं किचन, संडास. भाडं ऐकून घाम आला, पण भाऊ डॉलरमध्ये देणार होता. मी विचारलं, "टाकी कुठे रिकामी करायची?" तो म्हणाला, "साहेब, त्याचं टेन्शन नका घेऊ. ड्रायव्हर बघतो. रात्री कुठेतरी नाल्याला सोडून देतो."

नाल्याला. कुठल्या नाल्याला? आमच्याकडे प्रत्येक नाला कुठेतरी आंब्याला, भोगावतीला नाहीतर कुंडलिकेलाच जाऊन मिळतो. त्या माणसाला मी दोष देत नाही. त्याच्याकडे दुसरं उत्तरच नाही. पण "रात्री नाल्याला" हे उत्तर ऐकल्यावर पुढचा प्रत्येक तलाव मी वेगळ्या डोळ्यांनी बघायला लागलो.

दुसऱ्या रविवारी पेणचा एक मित्र घेऊन हेटवण्याला गेलो. मुंबई-गोवा हायवेचं काय सांगू? २०११ पासून रुंदीकरण सुरू आहे, आता त्याच्यावर विनोद करायचाही कंटाळा आलाय. पेणच्या पुढे आत वळलं की मात्र मन शांत होतं. डोंगर, झाडी, मध्ये निळं पाणी. मित्र म्हणाला, "इथे वीस गाड्या उभ्या राहिल्या तर काय सुंदर दिसेल!"

मग त्यानेच पुढचं वाक्य बोललं. "पण हे पाणी आपलं नाही रे."

त्याचं म्हणणं पेणकरांना सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो. हेटवणे भोगावती नदीवर आहे. त्याचं पाणी सिडकोमार्फत नवी मुंबईच्या भागात पिण्यासाठी जातं. आणि त्याच पेण तालुक्यातल्या खारेपाटातल्या गावांमध्ये उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. खाडीकाठची गावं, विहिरीला खारं पाणी, आणि धरण आपल्याच तालुक्यात. ही काही नवी गोष्ट नाही, वर्षानुवर्षं मोर्चे निघतायत.

२००८ च्या सप्टेंबरात याच तालुक्यातल्या २२ गावांत सरकारने जनमत चाचणी घेतली होती. प्रश्न होता महामुंबई सेझला जमीन द्यायची की नाही. ही गावं हेटवण्याच्या लाभक्षेत्रातली. शेतकऱ्यांचं म्हणणं साधं होतं: आमच्या जमिनीला धरणाचं पाणी देऊ म्हणून सांगितलंत, ते पाणी द्या, जमीन कसली मागता? ज्या पाण्यासाठी लोकांनी इतका झगडा केला, त्याच्या काठावर कोणी संडासाची टाकी सोडली तर? एकदा नव्हे, दर शनिवार-रविवार?

तिसऱ्या रविवारी कोलाड. कुंडलिकेच्या काठी राहायच्या सोयी भरपूर झाल्यात, राफ्टिंगमुळे. तिथल्या एका ओळखीच्या पोराने गाईड म्हणून काम केलंय. त्याला म्हटलं, नदीकाठी सपाट जागा बघ, गाडी लावू. तो हसला. "काका, रात्री पाणी इथे असतं, सकाळी तिथे." हात कमरेपासून छातीपर्यंत नेला त्याने.

कारण कुंडलिकेचं पाणी कुंडलिकेच्या मर्जीने वाहत नाही. वर घाटमाथ्यावर मुळशीचं धरण. त्याचं पाणी बोगद्या-पाइपांतून खाली भिऱ्याला येतं, टाटांच्या वीजकेंद्रात. १९२७ पासून ते केंद्र चालू आहे. वीज करून झाली की पाणी नदीत सुटतं, आणि सकाळी त्याच पाण्यावर राफ्ट चालतात. विजेची गरज वाढली की पाणी वाढतं, ते तुमच्या तंबूला विचारत नाही. भर उन्हाळ्यात दुथडी वाहणारी नदी बघून मुंबईचे पाहुणे खूश होतात, पण त्या पाण्याखाली मावळातली गावं बुडालीत हे किती जणांना माहीत असतं? सेनापती बापटांनी १९२१ साली मुळशी सत्याग्रह उभा केला तो याच धरणाविरुद्ध. धरणग्रस्तांची जगातली पहिली लढाई म्हणून तिचा उल्लेख होतो. ते पाणी आज आपल्या दारातून जातं. म्हणजे या नदीकाठी बसून चहा पिताना आपण कोणाचे तरी देणेकरी आहोत.

चौथ्या रविवारी सुतारवाडीचा तलाव. जागा देखणी. पण रात्री गाडी लावायची तर विचारायचं कोणाला? एक म्हणाला ग्रामपंचायतीला, दुसरा म्हणाला पाटबंधारेवाल्यांना, तिसरा म्हणाला, "लावा हो, कोण विचारतंय!" हा तिसरा माणूस प्रत्येक गावात भेटतो, आणि आपल्या पर्यटनाचं सगळं धोरण खरं तर तोच चालवतो.

पाचव्या रविवारी फणसाड. रोहा आणि मुरुड तालुक्यांत पसरलेलं अभयारण्य, १९८६ साली जाहीर झालेलं. त्याआधी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान. शेकरू बघायला मुलांना इथेच आणावं. इथे मात्र उत्तर स्वच्छ मिळालं. परवानगीशिवाय आत मुक्काम नाही, अंधार पडल्यावर फिरणं नाही, गाडीची नोंद गेटवर. भावाची इच्छा पूर्ण झाली नाही, पण मला बरं वाटलं. नियम आहे, तो सांगणारा माणूस आहे, आणि तो नाही म्हणू शकतो. पाच रविवारांत "नाही" म्हणू शकणारी ही एकच जागा भेटली.

आता कोणी म्हणेल, सरकारचं धोरण आहे ना. आहे. महाराष्ट्राने २०२१ साली कॅरॅव्हॅन आणि कॅरॅव्हॅन पार्क धोरण आणलं. कॅरॅव्हॅन पार्क म्हणजे काय, तिथे पाणी, वीज, रस्ता अशा मूलभूत सोयी हव्यात, खासगी किंवा सरकारी जागेवर असे पार्क उभारता येतील, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी, सवलती मिळतील, हे सगळं त्यात आहे. केरळनेही त्याच वर्षी असं धोरण आणलं आणि वागमोनला पार्क सुरू झालं. धोरण वाईट नाही. पण धोरण मुंबईत होतं, आणि गाडी आमच्या तलावाकाठी येते. मधली कडी कोणाची? जागा कोण आखणार, किती गाड्या हे कोण ठरवणार, घाण कोण उचलणार, पैसे कोणाला मिळणार? ही चार उत्तरं तयार होण्याआधी गाड्या आल्या तर काय होतं, ते आपल्याला कल्पना करून बघायची गरज नाही. घाट चढून मावळात जायचं आणि पवना बघायचं.

पवनेच्या काठावर तंबूंचा धंदा कसा वाढला हे आपण सगळ्यांनी मोबाइलवरच्या जाहिरातींत बघितलंय. तंबू, बार्बेक्यू, डीजे, थर्टी फर्स्ट. सुरुवात गावातल्याच पोरांनी केली, दोन-चार तंबू टाकून. चार पैसे मिळाले, चांगलंच झालं. मग बाहेरचे आले, जागा भाड्याने घेतल्या, शेकड्याने तंबू लागले. रात्रभर आवाज, सकाळी बाटल्या, आणि बुडून जीव गेल्याच्या बातम्या. तेच पाणी खाली पिंपरी-चिंचवड पितं. आता तिथे नियम लावायला जावं तर प्रत्येक तंबूमागे कोणाचं तरी कर्ज आहे, कोणाचं तरी पोट आहे. नियम धंद्याच्या आधी आला तर तो कुंपण असतो. धंद्याच्या नंतर आला तर तो अन्याय वाटतो. आपल्याकडे अजून कॅरॅव्हॅनचा धंदा सुरू झालेला नाही, म्हणून आत्ताच बोलतोय.

माझ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे बोललो तर दोन बाजूंनी फटके पडले. एक बाजू म्हणाली, "तुम्ही लोक सगळ्यालाच विरोध करता. कारखाना नको, सेझ नको, आता पर्यटनही नको. पोरांनी धाटावच्या कंपन्यांत कंत्राटावरच मरायचं का?" दुसरी बाजू म्हणाली, "आमच्या बायकांना प्यायला पाणी नाही आणि तू श्रीमंतांच्या गाड्यांच्या गोष्टी करतोस?"

दोघांचंही खरं आहे. म्हणून दोघांनाही उत्तर देतो.

रोजगारवाल्या मित्रांनो, कॅरॅव्हॅन ही गावाला सगळ्यात कमी पैसे देणारी गाडी आहे, हे लक्षात घ्या. साध्या पर्यटकाला खोली लागते, जेवण लागतं, चहा लागतो. कॅरॅव्हॅनवाला बेड घेऊन येतो, किचन घेऊन येतो, वाण्याचं सामान पनवेलच्या मॉलमधून भरून येतो. तुमच्या गावातून तो घेणार काय? पाणी आणि देखावा. आणि देणार काय? टाकी. तुम्ही जागा आखून, फी लावून, काही अटी घालून त्याला बसवलं तरच त्याचे पैसे गावात राहतील. नाहीतर गाडी येईल, फोटो काढेल, जाईल. नियम हा रोजगाराचा शत्रू नाही, या धंद्यात तरी नियमातूनच रोजगार निघतो.

आणि पाणीवाल्या ताई-दादांनो, तुमचं तर शंभर टक्के खरं. खारेपाटाला पाणी आधी, बाकी सगळं नंतर. पण गाड्या तुमची परवानगी मागून येणार नाहीत. हायवे कधी ना कधी पूर्ण होईलच, तेव्हा मुंबईहून पेणला यायला फार वेळ लागणार नाही. "आम्हाला नको" असं नुसतं म्हणून चालणार नाही, कारण मग तो तिसरा माणूस म्हणेल, "लावा हो, कोण विचारतंय!"

मग करायचं काय? आपल्याच राज्यात एक उदाहरण आहे, अमेरिकेत जायला नको. साताऱ्याचं कास पठार. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर ते जागतिक वारशाच्या यादीत आलं आणि फुलांच्या हंगामात लोकांची झुंबड उडाली. फुलं तुडवली जायला लागली. तेव्हा वन विभाग आणि आसपासच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांनी मिळून व्यवस्था बसवली. दिवसाला ३ हजार माणसांची मर्यादा, ऑनलाइन बुकिंग, प्रवेश शुल्क, गाड्या लांब लावायच्या, आणि राखणीला गावातलीच पोरं. तिथेही तक्रारी आहेत, सगळं आदर्श नाही. कुंपणावरून तर वाद झालेच. पण गर्दी मोजता येते, पैसा गावात येतो, आणि "आज जागा संपली, उद्या या" असं म्हणणारा माणूस तिथे उभा असतो.

आपल्याकडे काय करता येईल, माझ्या अकलेप्रमाणे मांडतो. चुकत असेल तर खाली लिहा.

एक. गाडी पाण्याकाठी लावायचीच नाही. तलाव दिसेल इतकी जवळ, पण घाण पोचणार नाही इतकी लांब, वरकस माळावर जागा आखायची. पाण्यापर्यंत चालत जायचं. दहा मिनिटं चालल्याने कोणी मरत नाही, उलट पोरं खूश होतात.

दोन. संख्या ठरवायची. एका ठिकाणी वीस प्लॉट, एकविसावी गाडी परत. आणि ही संख्या ग्रामसभेने ठरवायची, कंत्राटदाराने नाही. हिशोब करून बघू. नोव्हेंबर ते मे धरले तर साधारण तीस शनिवार-रविवार, म्हणजे साठ रात्री. एका प्लॉटचे रात्रीचे हजार रुपये. वीसही प्लॉट भरले तर १२ लाख, निम्मे भरले तरी ६ लाख. त्यात गावातल्या चार जणांना महिना १० हजारांप्रमाणे वर्षभर पगार देऊन १ लाख २० हजार उरतात. एवढ्याने गाव श्रीमंत होणार नाही, पण चार घरं चालतील आणि राखण होईल.

तीन. टाकी. जिथे डंप स्टेशन नाही तिथे कॅरॅव्हॅनला परवानगी नाही, इतकं सोपं ठेवायचं. सिमेंटची पक्की बंद टाकी, आणि ती उपसायला मैला वाहून नेणारी गाडी. पेण आणि रोहा दोन्हीकडे नगरपरिषदा आहेत, त्यांच्याशी करार करून मैला प्रक्रियेसाठी योग्य ठिकाणी गेला पाहिजे. वर उरलेले १ लाख २० हजार आहेत ना, ते याच्यासाठी. गाडी आत येताना टाकीची पातळी बघायची, जाताना बघायची. येताना भरलेली आणि जाताना आपोआप रिकामी झाली असेल तर दंड. पेट्रोल पंपावर आपण शून्य बघून घेतो, तसंच हे.

चार. जून ते सप्टेंबर सगळं बंद. यावर चर्चाच नको. २०२४ च्या जूनमध्ये लोणावळ्यात भुशी धरणाच्या वरच्या अंगाला एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. पुढच्याच महिन्यात आपल्या माणगावजवळ कुंभे धबधब्यावर रील करताना एका तरुणीचा जीव गेला. देवकुंडला दर पावसाळ्यात बंदीचे आदेश काढावे लागतात. तळिये आणि इरशाळवाडी तर आपल्याच जिल्ह्यातली. आपला डोंगर पावसात कसा वागतो हे आपल्याला माहीत आहे, पाहुण्याला माहीत नाही. प्रत्येक अपघाताच्या वेळी दोर घेऊन खाली उतरतात ती आपलीच पोरं.

पाच. आग. फाल्गुन-चैत्रात आपले डोंगर पेटलेले आपण रात्री गच्चीवरून बघतो. त्या वणव्यात पाहुण्यांच्या कॅम्पफायरची भर नको. पण शेकोटी नाही तर थंडीत मजा काय, असं म्हणणाऱ्यांना माझं एकच उत्तर आहे: पोपटी.

सहा. डोंगरातल्या ठाकूर आणि कातकरी वाड्यांना विचारल्याशिवाय काही करायचं नाही. ज्या माळाला आपण मोकळी जागा म्हणतो, तिथे त्यांची गुरं चरतात, तिथून त्यांचं सरपण येतं, पावसाळ्यात तिथली रानभाजी त्यांच्या ताटात असते. वनहक्क कायदा २००६ चा आहे, सामूहिक वनहक्काची तरतूद त्यात आहे. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने २००९ साली तो हक्क मिळवून दाखवला. आपल्या वाड्यांचे दावे आधी मार्गी लावा, मग त्यांच्याच ग्रामसभेला कॅम्प चालवू द्या. झाडू मारायला ठेवलेले मजूर म्हणून नाही, मालक म्हणून.

यातलं एकही काम अवघड नाही. यातलं एकही काम मंत्रालयात अडलेलं नाही. ग्रामसभेचा ठराव, वन आणि पाटबंधारे खात्याशी पत्रव्यवहार, नगरपरिषदेशी करार. कंटाळवाणी कामं आहेत, एवढंच. आतेभावाच्या त्या पार्कांमागेही असंच कंटाळवाणं काम आहे. मिशिगनमध्ये गाडीचं रजिस्ट्रेशन करताना लोक आपल्या खुशीने थोडी जास्त फी भरतात, ती पार्कांना जाते, आणि तेवढ्यावर वर्षभर कुठल्याही स्टेट पार्कात गाडी नेता येते. जंगल आणि तलाव त्यांच्याकडे आहेत तसे आपल्याकडेही आहेत. फरक त्या फीचा आणि त्या घाणेरड्या पाइपाचा आहे.

शेवटी आम्ही काय केलं ते सांगतो, नाहीतर विचाराल. कॅरॅव्हॅन रद्द केली. भाऊ जरा नाराज झाला, पण "रात्री नाल्याला" हे ऐकल्यावर तोच म्हणाला, नको दादा. कोलाडजवळ एका शेतकऱ्याच्या घरी दोन खोल्या घेतल्या. एक दिवस सकाळी फणसाडला गेलो, शेकरू दिसलं, पोरं वेडी झाली. आणि ३१ तारखेला रात्री त्या शेतकऱ्याच्या कापणी झालेल्या शेतात पोपटी लावली. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेलं चिकन. तोंडाला पुन्हा पाला, मडकं उलटं, भोवती पेंढा आणि काटक्या.

शेताचा मालक, साठी ओलांडलेला माणूस, आग लावायच्या आधी काय करत होता ते माझ्या पुतण्याने बघितलं. त्याने आधी भोवतालचं गवत खरवडून काढलं. मग पाण्याच्या दोन बादल्या आणून ठेवल्या. वारा कुठून येतोय ते बघून मडक्याची जागा बदलली. सगळं खाऊन झाल्यावर निखाऱ्यांवर पाणी ओतलं, पायाने राख उकरली, पुन्हा ओतलं. पोरगा मला म्हणाला, "काका, पार्कमध्ये रेंजर अंकल सेम असंच सांगतात."

त्या शेतकऱ्याला हे कुठल्या धोरणाने शिकवलं नाही. शेजारचं शेत पेटलं तर उद्या तोंड दाखवायला जागा नाही, एवढं त्याला माहीत आहे. नियम तिथूनच येतात, जिथे शेजाऱ्याला उत्तर द्यावं लागतं. म्हणून मी ग्रामसभा म्हणतोय. मुंबईहून आलेल्या गाडीला कोणालाच उत्तर द्यावं लागत नाही, तोपर्यंत ती नाल्यालाच सोडणार.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, या दिवशी ग्रामसभा असतात. पेण आणि रोहा तालुक्यातल्या, तलाव किंवा नदी असलेल्या प्रत्येक गावातल्या एका तरी माणसाने पुढच्या ग्रामसभेत उठून एवढंच विचारावं: आपल्या पाण्याकाठी मुक्कामाची गाडी आली, तर ती कुठे लावायची, आणि तिची टाकी कुठे रिकामी करायची? उत्तर नसेल तर ठराव करा: उत्तर मिळेपर्यंत गाडी नाही.

कोणी विचारलं तर काय झालं ते मला इथे कळवा. भाऊ पुढच्या वर्षी पुन्हा येतोय. मला त्याला जागा दाखवायचीय.